फातिमाचा फॉरवर्ड आणि आमच्या मशिदीचा दुसरा मजला

दर आठ मार्चला आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. जगातलं सर्वात जुनं विद्यापीठ एका मुस्लिम बाईनं काढलं, मोरोक्कोतल्या फेज शहरात, सन ८५९ मध्ये, नाव फातिमा अल फिहरी. खाली एका घुमटाचं चित्र असतं, जे फेजचं नसतंच. मामू पाठवतात, चाचा 'माशाअल्लाह' लिहितात, कुणीतरी फुलं टाकतं. कॉलेजात असल्यापासून मीही तो मेसेज पुढे ढकलत आले होते. गेल्या ऑक्टोबरात मी त्या मशिदीत मगरिबची नमाज पढून आले. तेव्हापासून मी तो पुढे पाठवत नाही. मेसेज खोटा आहे म्हणून नव्हे. कारण सांगायलाच हे लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पाच वर्षं पगारातून बाजूला टाकलेले पैसे होते. पुण्यातल्या एक बाई दरवर्षी आठ-नऊ जणींना घेऊन कुठेतरी जातात. मोठी कंपनी नाही, बस भरून माणसं नाहीत. गेल्या वर्षी मोरोक्को ठरला. मी नाव दिलं आणि घरात जे व्हायचं ते झालं. फुप्पी म्हणाली, एवढ्यात उमराह झाला असता. तिचं चुकीचं नव्हतं. पण उमराहला मी अम्मीअब्बांसोबत जाईन. हा प्रवास मला माझा म्हणून करायचा होता.

पुढचा जुम्मा झाल्यावर एका बुजुर्गांनी अब्बांना मशिदीच्या पायरीवर गाठलं. "सुन्या लडकी कू परदेस भेजते? मेहरम कौन है साथ में?" अब्बा एसटीत कंडक्टर होते. ते म्हणाले, "आठ औरतां हैं. तीस साल गाडी पे था मैं. औरत के बाजू में औरत बैठाई, की सफर सुकून से होता." बुजुर्ग गप्प बसले. पटलं म्हणून नाही, अब्बांचा सूर ऐकून.

मेहरमचा हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण आपल्यातल्या पुष्कळ मुलींचं पाऊल तिथंच अडतं. नोकरीची मुलाखत, परीक्षेचं केंद्र, शाळेची सहल, सगळं. आपण बहुतेक हनफी. हनफी फिकहनुसार तीन मंजिलांच्या पुढचा प्रवास बाईनं मेहरमशिवाय करू नये. पण इमाम मालिक आणि इमाम शाफई यांच्या मसलकात फर्ज हजला भरवशाच्या बायकांच्या सोबतीनं जाण्याची सवलत शेकडो वर्षांपासून आहे. आपले कोकणी भाऊबंद शाफईच आहेत आणि मोरोक्को तर पूर्ण मालिकी देश. ही सवलत हजची आहे, सहलीची नाही, हे मला कबूल आहे. तरी त्यातलं तत्त्व बघा: बाईची सोबत बाई करू शकते, हे आपल्याच इमामांनी मानलेलं आहे. २०१८ पासून भारताच्या हज कमिटीनं पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना किमान चौघींचा गट करून मेहरमशिवाय अर्ज करायची मुभा दिली, तेव्हा पहिल्याच वर्षी हजारावर बायका निघाल्या. त्यांच्यामुळे आकाश कोसळलं नाही. आमच्या शेजारच्या खाला अशाच चौघींत जाऊन आल्या आणि आता गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा असतो.

असो. आम्ही नऊ जणी निघालो. ग्रुपमध्ये मुस्लिम मी एकटीच. नाशिकच्या दोघी बहिणी, कोल्हापूरच्या एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेल्या पुण्याच्या काकू, आणखी काही जणी. मुंबईच्या विमानतळावर काकू प्रेमानं म्हणाल्या, "तुला काय गं, तिकडे घरच्यासारखंच वाटेल." मी हसले, पण ते टोचलं. मला नमाजेपुरती अरबी येते, फ्रेंच अजिबात नाही. माझं घर कृष्णेच्या काठी आहे. मोरोक्को मला जेवढा परका तेवढाच त्यांना.

आणि गंमत म्हणजे तिथल्या बाजारातही आमच्यात कुणी फरक केला नाही. कासाब्लांकात उतरल्यापासून सगळ्यांना एकच हाक, "हिंदिया! शाहरुख खान!" टिकली लावलेल्या काकूंनाही तीच, दुपट्टा घेतलेल्या मलाही तीच. रबातच्या एका दुकानदारानं जुन्या हिंदी सिनेमातलं गाणं शब्द न कळता पूर्ण म्हणून दाखवलं. काकूंनी त्याला टाळ्या दिल्या आणि पुदिन्याचा चहा फुकट मिळवला. चार दिवस आम्ही नुसत्या हिंदिया होतो. मला ते फार आवडलं. इथं, स्वतःच्या राज्यात, नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे क्षणभर हलतं ते तिथं हललं नाही.

फरक झाला तो फेजला.

फेजचं जुनं शहर म्हणजे हजारो गल्ल्यांचं जाळं. तिथं मोटार जात नाही. खेचरांवरून सगळा माल येतो आणि मागून 'बालाक, बालाक' अशी हाक आली की भिंतीला चिकटायचं. चामडं कमावायच्या हौदांच्या वर सज्जात नेताना हातात पुदिन्याची काडी देतात, वास सोसावा म्हणून. आमची गाइड तिथलीच, चाळिशीची, परवाना असलेली. चालता चालता ती कुठल्याशा भिंतीला हात लावून थांबली आणि म्हणाली, ही करावीयीन. मी इकडेतिकडे बघत राहिले. मला घुमट हवा होता, मेसेजमधला. बाहेरून तर ती दिसतच नाही. घरं आणि दुकानं तिला इतकी बिलगून आहेत की फक्त दारं दिसतात. त्या दारांतून आतलं अंगण, कारंजं, पांढऱ्या कमानी.

दारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मोरोक्कोत जवळपास सगळ्या मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. कासाब्लांकाची हसन दुसरे यांची मोठी मशीद हा ठळक अपवाद, ती आम्ही सगळ्यांनी तिकीट काढून पाहिली होती. गाइडच्या सांगण्यानुसार हा नियम फ्रेंच अमलात, मार्शल ल्योते याच्या काळात पक्का झाला: युरोपियनांनी इबादतीत लुडबूड करू नये म्हणून. आता फ्रेंच गेले, नियम राहिला. त्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं आणि हात आडवा केला. गाइडनं माझ्याकडे बोट केलं. "मुस्लिमा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांना खात्री हवी होती. मी कलमा म्हटला. माझा उच्चार ऐकून ते हसले, हात बाजूला केला आणि काहीतरी म्हणाले. गाइडनं सांगितलं, म्हणतात, एवढ्या लांबून आलीस, अजान होईलच, थांब.

मी आत गेले. बाकी आठ जणी दारात.

आता जे सांगते ते पुरुष वाचकांना किरकोळ वाटेल. एकतीस वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा मशिदीत जमातीसोबत नमाज पढले. लहानपणी अब्बा मला आमच्या मशिदीत न्यायचे. हौदाच्या पायरीवर बसून मी माणसांचे पाय मोजायची. आठ-नऊ वर्षांची झाल्यावर कुणीतरी अब्बांना म्हणालं, आता पोरीला आणू नका. कोण म्हणालं हे अब्बांनी कधी सांगितलं नाही. तेव्हापासून मशीद म्हणजे माझ्यासाठी एक आवाज आहे. अम्मी जुम्म्याचा खुतबा भोंग्यावर ऐकते, रोट्या लाटता लाटता. मौलाना काय बोलले हे ती अब्बांपेक्षा नीट सांगते.

करावीयीनमध्ये बायकांची जागा मागे, आडोशापलीकडे होती. पहिल्या रांगेत नाही, हेही सांगायला हवं. पण जागा होती. खांबांना खालून चटया गुंडाळलेल्या, पाठ टेकायला. भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या बायका, शाळेच्या दप्तरासह एक मुलगी, एक आजी खांबाला टेकून झोपलेली. कुणी कुणाला विचारत नव्हतं, तू का आलीस. मला वाटलं होतं मी भारावून जाईन. प्रत्यक्षात मला सर्वांत जास्त जाणवली ती त्या जागेची सवय. त्या बायकांना तिथं असण्याचं काहीच वाटत नव्हतं.

नमाज सुरू झाली आणि माझी फजिती झाली. मी हात बांधले. शेजारच्या दोघींचे हात सरळ खाली सोडलेले. मालिकी पद्धत. इमामांनी बिस्मिल्लाह मोठ्यानं म्हटलंच नाही, आणि फातिहातल्या एका शब्दातला लांब 'आ' त्यांनी आखूड म्हटला. मला वाटलं चुकले. नंतर कळलं, तिकडे वर्श यांच्या रिवायतीप्रमाणे कुरआन पढतात. आपल्याकडे हफ्स यांची. दोन्ही बरोबर. लहानपणी मदरशात आम्हाला हात किती वर, बोटं कशी, यावरून छडी बसलेली आहे. तीच गोष्ट इतक्या वेगळ्या तऱ्हेनं करूनही तितकीच मान्य असते, हे मला गणिताच्या शिक्षिकेला एकतिसाव्या वर्षी, परदेशात, शेजारणीच्या हाताकडे बघून कळावं? आपल्या पोरांना हे आधी कुणी का सांगत नाही? हात कुठं बांधावेत यावरून आपल्याकडे मशिदी वेगळ्या झाल्या आहेत.

नमाजेनंतर माणसं पांगली नाहीत. पुष्कळ जण बसले आणि एका सुरात कुरआनाचा एक हिस्सा मोठ्यानं पढू लागले. मगरिबनंतर रोज असं पढायची तिथली जुनी रीत आहे. मी दहा-पंधरा मिनिटं बसले असेन. मग आठवलं, दारात आठ जणी उभ्या आहेत.

बाहेर आले तर त्या समोरच्या ओट्यावर बसलेल्या. नाशिकच्या धाकटीचं तोंड उतरलेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आतलं थोडंसं दिसत होतं, छान आहे. मला ओशाळल्यासारखं झालं. कसंबसं म्हणाले, "काकू, सॉरी." काकू उठता उठता म्हणाल्या, "अगं सॉरी काय. पण एक सांग, तुमच्या गावच्या मशिदीत तू जातेस ना?"

मी म्हटलं, नाही. तिथं बायका जात नाहीत.

त्या थांबल्या. "म्हणजे इथं आम्ही बाहेर, तिथं तू बाहेर?" मग स्वतःच म्हणाल्या, "आमच्याकडे तरी काय. शिंगणापूरचा चौथरा २०१६ ला उघडला, तोही भांडून. मी मुद्दाम गेले होते. वर चढले, खाली उतरले, विशेष काही वाटलं नाही. पण घरी आल्यावर सासूबाईंच्या फोटोसमोर रडले."

त्या रात्री मी फातिमा अल फिहरीबद्दल शोधून वाचलं. ती मूळची तिथली नव्हे. तिचं घराणं आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानहून फेजला आलेलं. वडील व्यापारी. ते वारले, आणि वारशात आलेल्या पैशातून तिनं करावीयीन बांधली. बहीण मरियम हिनं नदीपलीकडे अंदलुसी मशीद. कहाणी अशी आहे. तिचा लेखी आधार इब्न अबी झर याच्या चौदाव्या शतकातल्या इतिहासात, म्हणजे जवळपास पाचशे वर्षांनंतरचा. आणि मशिदीतच सापडलेल्या एका जुन्या लाकडी लेखात संस्थापक म्हणून इद्रिसी घराण्यातल्या दाऊदचं नाव आहे. त्यामुळे काही इतिहासकार या कहाणीवर शंका घेतात. मला विचाराल तर आपण हेही माहीत करून घ्यावं. मेसेज पाठवणाऱ्यानं नुसतं 'माशाअल्लाह' म्हणून भागत नाही. पण फेजच्या बायका ती कहाणी आपली मानतात. तिथलं जुनं ग्रंथालय मोडकळीला आलं होतं, त्याच्या दुरुस्तीचं काम अझीझा शाऊनी या फेजमध्येच जन्मलेल्या वास्तुविशारद बाईंकडे गेलं. फातिमा ऐतिहासिक असो वा नसो, अझीझा नक्की आहे.

मला अडकवलं ते एका शब्दानं. वारसा.

फातिमाला वडिलांच्या मालमत्तेतला वाटा मिळाला होता. खरोखर हातात. आपल्या घरांतल्या मुलींना तो मिळतो का? कुरआनानं दिलेला मुलाच्या निम्मा वाटा, तोसुद्धा? मी माझ्या मैत्रिणींत विचारलं आहे. बहुतेकींनी हक्कसोडपत्रावर सही केली आहे, कुणी भावाचं तोंड बघून, कुणी माहेर तुटू नये म्हणून, एकीनं तर कागद काय आहे हे न वाचता. शरियत आमची जान आहे म्हणणारे भाऊ या कागदाच्या वेळी शरियत विसरतात आणि गावच्या रिवाजानं चालतात. म्हणजे आज फेजची ती फातिमा आमच्या तालुक्यात जन्मली असती, तर तिच्याकडे मशीद बांधायला पैसेच नसते. सही करून मोकळी झाली असती.

आणि तरी बायका मशिदी बांधतातच. चार वर्षांपूर्वी आमच्या मशिदीवर दुसरा मजला चढला. चंदा घरोघर फिरला. अम्मीनं भिशी लागली होती त्यातले दहा हजार दिले. पावती अब्बांच्या नावानं फाडली गेली, कारण फाडणाऱ्यानं नाव विचारलंच नाही. वर आता एसी आहे, गालिचा आहे, असं म्हणतात. अम्मीनं तो मजला पाहिलेला नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, बायकांची नमाज घरात अफजल आहे, हदीस आहे. आहे. मशिदीत जाऊ पाहणाऱ्या बायकांना रोखू नये, अशीही हदीस आहे. आलिमांनी त्यावर काय काय लिहिलं ते आलिम जाणोत. मी दुसरंच विचारते आहे. घरात असलेल्या बाईसाठी घर आहे. घराबाहेर असलेल्या बाईचं काय? मी बी.एड.ला असताना दर आठवड्याला बसनं पुण्याला जायचे. असरची वेळ बस स्टँडवर व्हायची. सोबतची मुलं समोरच्या मशिदीत जाऊन वजू करून, नमाज पढून, पाणी पिऊन, ताजीतवानी होऊन यायची. मी त्यांच्या बॅगा सांभाळत उभी. एकदा कपड्याच्या दुकानाच्या ट्रायल रूममध्ये पढले आहे, बाहेरून दार वाजवलं जात असताना. नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या, दवाखान्यात आलेल्या, कोर्टात तारखेला आलेल्या बायका, या सगळ्यांची नमाज कुठं अफजल आहे?

धर्म आडवा येतो असं म्हणायलाही आता जागा नाही. २०१९ मध्ये पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्यानं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं प्रतिज्ञापत्रावर सांगितलं आहे की नमाजेसाठी मशिदीत यायला इस्लाम स्त्रीला मनाई करत नाही. जमातीत यायचं बंधन तिच्यावर नाही, इतकंच. हे बोर्ड काही सुधारकांचं नव्हे. मग उरलं काय? जागा, नळ, दार आणि सवय. यातल्या पहिल्या तीन गोष्टी गवंडी आणि प्लंबर करून देतो. मुंबई-पुण्यातल्या काही मशिदींनी करूनही दिल्या आहेत.

मोरोक्को म्हणजे बायकांचा स्वर्ग, असं मी सांगत नाहीये. माराकेशच्या चौकात संध्याकाळी आमच्यातल्या धाकटीच्या मागे दोघं जण अर्धा तास होते. शेवटी डॉक्टरबाईंनी मराठीत जे सुनावलं ते त्यांना बरोबर कळलं. छेडछाडीविरुद्ध तिथं २०१८ पासून कायदा आहे, आणि आपल्यासारखाच तोही बऱ्याचदा कागदावर आहे.

घरच्या कायद्याचंही तसंच. 'मुदव्वना' म्हणतात त्याला. २००४ मध्ये तो बदलला: लग्नाचं वय मुलामुलींना अठरा, घराची जबाबदारी दोघांची, तलाक न्यायालयाच्या देखरेखीखाली, दुसऱ्या लग्नाला न्यायाधीशाची परवानगी, प्रौढ मुलीला स्वतःचा निकाह स्वतः करण्याचा हक्क. हा बदल नुसत्या राजाच्या मर्जीनं आला नाही. त्याआधी १९९२ मध्ये बायकांच्या संघटनेनं दहा लाख सह्यांची मोहीम घेतली होती. मार्च २००० मध्ये बदलाच्या बाजूनं रबातमध्ये मोर्चा निघाला, आणि त्याच दिवशी विरोधात कासाब्लांकात त्याहून मोठा. हे वाचताना मला १९६६ चा मुंबईतला मोर्चा आठवला, हमीद दलवाईंसोबत मंत्रालयावर गेलेल्या सात मुस्लिम बायकांचा. सात. विरोधी मोर्चा नेहमीच मोठा असतो. आपण मात्र सात आणि दहा लाख यांच्यामध्ये कुठंतरी अडकलो. आपल्याकडचा तलाकचा कायदा २०१९ मध्ये आला तो ज्यांच्याकडून आला आणि ज्या सुरात आला, त्यामुळे आपल्याच मुलींना त्याच्या बाजूनं मोकळेपणी बोलता येईना.

तिथल्या कायद्याची भोकं आमच्या गाइडनं मला बसमध्ये, वाळवंटाकडच्या लांबच्या रस्त्यावर सांगितली. तिचा तलाक झालेला. मुलगा तिच्याकडे राहतो, खर्च ती करते. पण कायद्यानं मुलाचा वली बाप. शाळा बदलायची, पासपोर्ट काढायचा, तर बापाची सही. बाप सही करत नाही, फोन उचलत नाही. "मी परक्या बायकांना सगळा देश दाखवते," ती म्हणाली, "मुलाला विमानात बसवू शकत नाही." २०२४ च्या डिसेंबरात हेही बदलायचे प्रस्ताव तिथं जाहीर झाले. त्याबद्दल विचारलं तर तिनं खांदे उडवले. मुलगा तोवर अठराचा होईल, म्हणाली.

त्याच बाईला मी विचारलं, तुम्ही मशिदीत जाता? तिला प्रश्न समजलाच नाही. दोनदा विचारल्यावर म्हणाली, "वेळ मिळाला तर. का?" तिथं २००६ पासून सरकारनं 'मुर्शिदात' नेमल्या आहेत, दीनचं शिक्षण घेतलेल्या बायका, त्या इमामत करत नाहीत, पण मशिदीत बसून बायकांना शिकवतात, प्रश्नांना उत्तरं देतात. हैजचे, तलाकचे, वारशाचे प्रश्न. आपल्याकडे असले प्रश्न मुली मौलानांना विचारू शकत नाहीत म्हणून यूट्यूबवर शोधतात आणि तिथं जो ओरडून बोलतो त्याचं ऐकतात.

एक गोष्ट सांगून आटोपते. इब्न बतूता हा मोरोक्कोचाच, तंजाचा. मुहम्मद तुघलकाच्या काळात तो दिल्लीत काझी होता, आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. फिरून फिरून परत गेल्यावर सुलतानाच्या हुकमावरून त्यानं आपला प्रवास सांगून लिहून घेतला, १३५५ मध्ये काम पुरं झालं. त्यात गोव्याच्या खाली असलेल्या होनावरबद्दल तो म्हणतो की तिथल्या बायकांना कुरआन तोंडपाठ आहे आणि गावात मुलींच्या तेरा शाळा आहेत, मुलांच्या तेवीस. एवढं जग बघितलेल्या माणसाला ही गोष्ट नोंदवावीशी वाटली. कोकण किनाऱ्यालगतचं गाव, पावणेसातशे वर्षांपूर्वी. हा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही.

परत आल्यावर मी मशिदीच्या ट्रस्टींना अर्ज लिहिला. मराठीत, आणि खाली उर्दूत. मागणी छोटी आहे. तळमजल्यावर जनाजाचा पलंग आणि जुन्या चटया ठेवायची एक खोली आहे, तिला मागच्या गल्लीत दार आहे. ती रिकामी करून तिथं एक नळ, एक पडदा आणि वरच्या स्पीकरची वायर. जुम्म्याला, रमजानमध्ये, आणि बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणाऱ्या बायकांसाठी. आम्ही अकरा जणींनी सह्या केल्या. सर्वांत वर अम्मीची आहे, तिनं आधी विचारलं, "ऊपर का गालिचा किस रंग का है, पूछ ना तेरे अब्बा कू." अब्बा म्हणाले, हिरवा. मग तिनं सही केली.

ट्रस्टींपैकी दोघांनी अर्ज वाचलाच नाही. एक तरुण आहे, माझ्या भावाचा वर्गमित्र. तो घरी आला, ओट्यावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "आपा, मना कोई नहीं करेगा मुँह पे. पर मीटिंग में पहला सवाल आएगा, कितनी औरतां आएंगी? नंबर दो मुझे."

सध्या आम्ही तेच करतोय. शाळा सुटल्यावर मी आणि दोघी जणी वही घेऊन फिरतो. पहिल्या गल्लीत सतरा झाल्या.